जुन्या जीपचे फोटो: शोधावेत कसे, ओळखावेत कसे आणि द्यावेत कसे

माझ्या संग्रहातला एक फोटो चौकोनी आहे, आकाराने तळहाताएवढाही नाही, आणि त्याचा एक कोपरा कसरीने खाल्लेला आहे. नदीवरच्या फरशीपुलावर हूड उतरवलेली एक जीप उभी आहे. बॉनेटवर टाकलेल्या कापडावर बैलजोडी रंगवलेली आहे आणि त्या कापडाच्या खाली आलेल्या टोकाने नंबर प्लेट झाकली आहे. बंपरवर पाय ठेवून गांधी टोपीतला एक गृहस्थ उभा आहे, शेजारी तिघे आहेत आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला पाचवा मनुष्य कॅमेऱ्याकडे पाहतही नाही. पाठीमागे पेन्सिलीने लिहिले आहे: ‘झेड. पी. इलेक्शन. आबा उजवीकडून दुसरा.’ हा फोटो मला रद्दीत विकायला आलेल्या एका अल्बममध्ये मिळाला. आबा कोण, नदी कोणती आणि साल कोणते, यांतले काहीच तेव्हा ठाऊक नव्हते. जुन्या फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या) गाड्यांचे फोटो जमवणाऱ्याचे खरे काम अशा ठिकाणी सुरू होते, आणि ते काम पायरीपायरीने कसे करावे हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

महाराष्ट्रात हा छंद जोपासायला विशेष कारण आहे. विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी करण्याचे काम महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केले आणि पुढे परवान्याखाली हीच गाडी येथे बनू लागली. त्यानंतरची कित्येक वर्षे तालुक्याच्या गावात दिसणारी चारचाकी बहुधा जीपच असे, मग ती पंचायत समितीची असो, पाटबंधारे खात्याची, पोलिसांची, आरोग्य केंद्राची किंवा साखर कारखान्याच्या अध्यक्षांची. त्यामुळे तिचे फोटो आपल्याकडे भरपूर आहेत. अडचण एवढीच की ते जीपचे फोटो म्हणून कोणी ठेवलेले नसतात. ते लग्नाचे, दौऱ्याचे, धरणाच्या पायाभरणीचे किंवा निवडणुकीचे फोटो असतात आणि त्यांत जीप आपोआप आलेली असते.

१. आधी हद्द आखावी

‘सगळ्या जुन्या ऑफ-रोड गाड्या’ असा संग्रह कधीच उभा राहत नाही; वर्षभरात संगणकावर इंटरनेटवरून उतरवलेल्या हजारो चित्रांचा ढीग साचतो आणि त्यांतल्या एकाचेही मूळ सांगता येत नाही. प्रदेश, काळ किंवा गाडीचा प्रकार यांपैकी निदान दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. मी महाराष्ट्र आणि १९७५ पूर्वीचे फोटो एवढीच हद्द ठेवली आहे. तिच्या बाहेरचा चांगला फोटो दिसला तर मी तो ज्याचा विषय आहे त्याला कळवतो.

२. शोध घ्यावा तो माणसांचा

कोणाच्या घरी जाऊन ‘तुमच्याकडे जुन्या जीपचे फोटो आहेत का’ असे विचारले की उत्तर बहुधा नकारार्थी येते, आणि ते प्रामाणिकही असते. त्याऐवजी ‘तुमच्या वडिलांच्या नोकरीत त्यांना गाडी होती का, ड्रायव्हर कोण होता’ असे विचारावे. मग आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी बाहेर येते. निवृत्त चालक, फिटर आणि जुने गॅरेजवाले हे या बाबतीत सर्वांत उत्तम साक्षीदार असतात, कारण साहेबाला आपली गाडी केवळ ‘जीप’ म्हणून आठवते, पण चालकाला तिची कोणती गिअर उडत असे तेही आठवते.

घरांखेरीज सहकारी कारखान्यांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, धरण प्रकल्पांचे अल्बम आणि गावातल्या फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्हच्या पेट्या पाहाव्यात. स्टुडिओ बंद होताना या पेट्या सर्वप्रथम फेकल्या जातात, म्हणून तिथे वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात सुटे फोटो मिळतात, पण विक्रेता अल्बम फोडून विकत असेल तर शक्यतो संपूर्ण अल्बम घ्यावा, कारण पुढच्यामागच्या पानांवरचे फोटो हीच एका फोटोची ओळखपत्रे असतात.

एक नियम मी कटाक्षाने पाळतो. कोणाचाही अल्बम ‘दोन दिवसांत आणून देतो’ असे सांगून घरी नेत नाही, तर तिथेच बसून प्रत करून घेतो. छोटा स्कॅनर नेता आला नाही तर मोबाइलनेही काम होते. मात्र फ्लॅश बंद ठेवावा, फोटो खिडकीजवळ पण थेट उन्हाबाहेर सपाट ठेवावा, मोबाइल त्याला समांतर धरावा आणि अगदी जवळ जाण्याऐवजी थोडे दूर राहून दुप्पट भिंग वापरावे, म्हणजे कडा फुगत नाहीत.

३. मूळ प्रत जपावी

फोटो नेहमी कडांना धरावा. मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि अगदी हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावा. साठवण्यासाठी पीव्हीसीची स्वस्त पाकिटे न वापरता पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची वापरावीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते वेळोवेळी बदलावे. बुरशी पुसायच्या भानगडीत पडू नये. ओल्या फडक्याने फोटोवरचा थरच निघून येतो, आणि हे मी एक उत्तम फोटो गमावून शिकलो आहे.

४. स्कॅन एकदाच, पण नीट

साध्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरते. पण १२० फिल्मवरच्या निगेटिव्हला कागद लावून तेवढ्याच आकाराचा काढलेला चौकोनी फोटो जेमतेम सव्वादोन इंचांचा असतो आणि ६०० ला त्याचे सुमारे १,३५० पिक्सेल होतात. त्यांत बॉनेटवरची अक्षरे वाचता येत नाहीत. त्याला १,२०० ठेवावे. निगेटिव्ह हाती आली तर चैनच: तीच सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह २,४०० ला स्कॅन केली की पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात, आणि फोटोत जी केवळ पांढरी पट्टी दिसत होती ती नंबर प्लेट असल्याचे कळते. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्ये स्कॅन करावा, म्हणजे डाग, शाई आणि कागदाचा पिवळेपणा वेगवेगळे ओळखता येतात. मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करावी. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवावी आणि तिला पुन्हा कधीही हात लावू नये. स्वच्छता, कातरणे आणि उजळवणे हे सर्व प्रतीवर करावे.

यंत्राकडून रंग भरून घेण्याची हल्ली फार हौस आहे. तिला माझा विरोध आहे आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उमटत असे, त्यामुळे करड्या छटेवरून मूळ रंग सांगता येत नाही. यंत्र मात्र प्रत्येक जीपला लष्करी हिरवा रंग बेधडक देते, आणि दोन वर्षांनी तोच फोटो ‘सैन्यातली जीप’ म्हणून आपल्याकडे परत येतो.

५. गाडी ओळखावी

या पायरीवर घाई करू नये. प्रथम पाहायची ती गाडीच्या तोंडावरची, दिव्यांच्या मधली जाळी. विलीज एमबी आणि तिचीच फोर्डने बनवलेली आवृत्ती जीपीडब्ल्यू या महायुद्धकालीन गाड्यांना नऊ उभ्या फटी असतात. दोन्ही मिळून सुमारे ६,४०,००० गाड्या १९४१ ते १९४५ या काळात बनल्या. अगदी सुरुवातीच्या एमबीची जाळी पत्रा ठोकून न बनवता लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. तशी जाळी फोटोत दिसली तर तो फोटो बाजूला काढून पुन्हा पाहावा. युद्धानंतरच्या नागरी सीजे मालिकेत सात फटी येतात. फटी मोजता येत नसतील तर दिवे पाहावेत: एमबीचे दिवे लहान आणि जाळीच्या मागे दबलेले असतात, १९४५ मध्ये आलेल्या सीजे-२एचे मोठे आणि पुढे आलेले असतात. एमबीला मागे उघडणारा फाळका नसतो आणि स्टेपनी मागे असते. सीजे-२एला फाळका आहे आणि स्टेपनी बाजूला लटकते. १९४९ च्या सीजे-३एला दोन तुकड्यांऐवजी एकसंध काच आली.

विलीज आणि फोर्ड यांत फरक करायचा असेल तर समोरून घेतलेल्या फोटोत जाळीच्या खाली चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) दोन टोकांना जोडणारा आडवा दांडा शोधावा. तो गोल नळीसारखा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. जीपीडब्ल्यू या अक्षरांचा अर्थही लक्षात ठेवण्याजोगा आहे: जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराची) खूण आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. ‘जनरल पर्पज’ हा सर्वत्र सांगितला जाणारा अर्थ फोर्डच्या त्या सांकेतिक अक्षरांना लागू होत नाही.

आपल्याकडच्या फोटोंत सर्वाधिक सापडते ती सीजे-३बी. उंच बॉनेट आणि त्यामुळे बुटकी वाटणारी काच ही तिची खूण. १९५३ मध्ये आलेल्या या गाडीत हरिकेन नावाचे उंच इंजिन बसवल्यामुळे बॉनेट वर उचलावे लागले. येथे मोठा सापळा आहे. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, पण भारतात उंच बॉनेटच्या गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिल्या. म्हणून उंच बॉनेट दिसले तर ‘१९५३ नंतरची’ एवढेच म्हणता येते, ‘पन्नाशीच्या दशकातली’ असे म्हणता येत नाही. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे. डावीकडे असेल तर युद्धानंतर लिलावात निघालेली, आपल्या बोलीत ‘डिस्पोजलची’ गाडी असण्याची शक्यता वाढते. पण अशा गाड्यांचे स्टिअरिंग पुढे उजवीकडे नेले गेले, एकीचे इंजिन दुसरीत गेले, तिसरीची जाळी चौथीला लागली. फोटोत दिसणारी गाडी अनेकदा एक गाडी नसतेच, आणि तसे नोंदीत लिहायला संकोच वाटू नये.

जीपखेरीज दोन गाड्यांची ओळख असावी. जोंगा ही निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवर आधारलेली, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली आणि जीपपेक्षा स्पष्टपणे थोराड अशी गाडी आहे. दुसरी लँड रोव्हर. ती १९४८ मध्ये आली, युद्धोत्तर पोलादटंचाईमुळे तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले, आणि सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे जाळीमागे झाकलेले होते. या जुन्या लँड रोव्हर पाहायच्या असतील तर दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगला जावे. तेथून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूपर्यंत त्या दगडी चढणीवर प्रवासी वाहत आल्या आहेत.

६. साल ठरवावे, आणि दोन साले ठरवावीत

गाडीचे साल आणि फोटोचे साल या वेगळ्या गोष्टी आहेत. १९४३ ची गाडी १९७१ च्या लग्नात नवरदेवाला घेऊन जाऊ शकते. नोंदवहीत त्यांना दोन रकाने द्यावेत.

फोटोचे साल गाडीपेक्षा तिच्या भोवतालून कळते. नंबर प्लेटवर एमएच आणि लगेच पुढे आकडा असे पासिंग (उदाहरणार्थ एमएच १२) असेल तर फोटो १ जुलै १९८९ नंतरचा, कारण १९८८ चा मोटार वाहन कायदा त्या दिवशी लागू झाला; गाडी मात्र कितीही जुनी असू शकते. लष्करी प्लेटवर वर रोखलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे गाडी सेवेत घेतल्याचे वर्ष सांगतात. पेट्रोल पंपावरचा फोटो असेल तर पाटी वाचावी. एस्सोचे राष्ट्रीयीकरण १९७४ मध्ये आणि बर्मा शेलचे १९७६ मध्ये झाले, त्यामुळे ती नावे फोटोला एक वरची मर्यादा घालून देतात; पाटी बदलायला थोडा वेळ लागला असेल एवढी सूट ठेवावी. आरोग्य खात्याच्या जीपच्या दारावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला तर साठच्या दशकाच्या अखेरीच्या मागे जाता येत नाही.

निवडणुकीचे फोटो तर कॅलेंडरच असतात. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत, त्यानंतर इंदिरा काँग्रेसचे गाय-वासरू आणि १९७८ पासून हाताचा पंजा. माझ्या चौकोनी फोटोचे गणित यावरूनच सुटले. उंच बॉनेट म्हणजे १९५३ नंतर. बैलजोडी म्हणजे १९६९ च्या आत. आणि महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, म्हणजे ‘झेड. पी. इलेक्शन’ त्याच्या आधी असूच शकत नाही. सोळा वर्षांचा पल्ला सात वर्षांवर आला, आणि त्यासाठी कोणालाही फोन करावा लागला नाही.

७. नोंद लिहावी

फाइलच्या नावात साल, ठिकाण, गाडी आणि क्रमांक एवढे असावे, उदाहरणार्थ ‘१९६२-६९_ठिकाणअज्ञात_सीजे३बी_०४७’, आणि मागच्या बाजूच्या स्कॅनला तेच नाव देऊन शेवटी ‘मागे’ जोडावे. बाकीचे तक्त्यात: फोटो कोणाकडून आला, कधी, कोणत्या अटीवर, मागे काय लिहिले आहे (शुद्धलेखन न सुधारता), फोटोतील माणसे डावीकडून उजवीकडे, गाडीची ओळख आणि ती कशावरून ठरवली. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसते ‘सीजे-३बी’ लिहिण्यापेक्षा ‘सीजे-३बी, उंच बॉनेटवरून, फटी कापडामुळे दिसत नाहीत’ असे लिहिले तर पुढच्या माणसाला चूक दुरुस्त करता येते. अंदाजाला अंदाज म्हणावे. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी.

८. आज उभ्या असलेल्या गाडीचा फोटो

जुन्या गाडीचा आज फोटो काढणारे बहुतेक जण खाली बसून, रुंद भिंगाने, जाळी फुगवून फोटो काढतात. तो फोटो रुबाबदार दिसतो आणि अभ्यासाला निरुपयोगी असतो. दहा पावले मागे जाऊन, बॉनेटच्या उंचीवरून, समोर, मागे, दोन्ही बाजू आणि तिरका असे पाच फोटो आधी घ्यावेत. मग जाळी, चासीचा पुढचा दांडा, डॅशबोर्डवरच्या पट्ट्या, पाटे आणि बोल्टांची डोकी जवळून घ्यावीत. फोर्डच्या सुट्या भागांवर इंग्रजी एफ अक्षर ठोकलेले असते. प्रकाश सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा बरा, कारण दुपारच्या उन्हात मडगार्डखाली काळोख होतो. मालकाची परवानगी घ्यावी, आणि लष्करी हद्दीत कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

मागच्या बाजूला ‘विलीज’ असे ठोकलेले असले म्हणून गाडी विलीज ठरत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी उघड्या जीप नव्याने बांधून देण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्या देखण्या असतात, त्यांचेही फोटो घ्यावेत, पण नोंद खरी करावी. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी होऊ शकते, आणि अशा वेळी तुम्ही काढलेले तपशीलवार फोटो मालकाला उपयोगी पडतात. त्याला पूर्ण आकाराचा संच अवश्य द्यावा.

९. वाटावे कसे

फोटो हातात आला म्हणजे हक्क हातात आला असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. मात्र पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून आजोबांच्या लग्नातल्या जीपच्या फोटोसाठी बहुधा घरच्यांची परवानगी पुरते. ती तोंडी न घेता एका ओळीच्या संदेशात घ्यावी, आणि त्यात फोटो कुठे कुठे टाकणार ते स्पष्ट लिहावे. हक्क निर्विवाद असेल तरच विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त भांडारात द्यावा, कारण तेथे दिलेला परवाना परत घेता येत नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली अंतर्गत माहितीही जाते. जाणकाराला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. उलट, चालू गाडीचा फोटो जगजाहीर करण्याआधी त्यातले स्थळाचे निर्देशांक मुद्दाम काढावेत, आणि चासी व इंजिन क्रमांकाची पट्टी कधीही प्रसिद्ध करू नये. त्या क्रमांकांवर दुसऱ्याच गाडीचे कागद तयार करण्याची सोय आपण का करून द्यावी? फोटोच्या मधोमध स्वतःचे नाव ठोकण्याची सवय मला अनाकलनीय वाटते, विशेषतः ते नेमके जाळीवर ठोकलेले असते तेव्हा. फोटोखाली एका ओळीत ‘अमुक कुटुंबाच्या संग्रहातून’ लिहावे.

आणि फोटो देताना उत्तर न देता प्रश्न द्यावा. ‘सीजे-३बी, १९६२ ते १९६९’ एवढे लिहून मी तो चौकोनी फोटो पाठवत राहिलो तेव्हा काहीच आले नाही. ‘ही फरशी कोणत्या नदीवरची?’ असे लिहिले तेव्हा आठ दिवसांत एका आजोबांनी नातवाकडून कळवले की काठावरच्या देवळाची दीपमाळ त्यांच्या गावची आहे. पुढे गावातूनच समजले की आबा उजवीकडून दुसरे नसून तिसरे आहेत. जुनी ओळ मी पुसली नाही, तिच्याखाली तारीख घालून नवी लिहिली. नदी, गाव आणि चौघांची नावे आता नोंदीत आहेत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्याच्या रकान्यात अजून ‘चालक, नाव माहीत नाही’ असेच आहे.